मुक्या सोबत्यांची बेगमी

‘बेगमी’ हा मराठीत पूर्णपणे रुळलेला फारसी शब्द आहे. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे दुःख किंवा चिंता. पुढच्या दिवसांची तरतूद झाली की मनाला जे निश्चिंतपण येते, ती बेगमी. आणि भाषेच्या ओघात, ज्या साठ्यामुळे ते निश्चिंतपण लाभते तो साठाही बेगमीच. चैत्र-वैशाखात हा शब्द घरोघरी कानावर पडे. पापड, कुरडया, सांडगे उन्हात वाळत. चिंच फोडून, मीठ लावून मडक्यात भरली जाई. वर्षाचे धान्य कडुनिंबाच्या पाल्यासह कणगीत जाई. गोवऱ्या आणि जळाऊ लाकूड आडोशाला रचले जाई. या यादीतले एक नाव शहरात राहणाऱ्याला आता सहसा आठवत नाही. शेतकऱ्याच्या घरी मात्र ते पहिले असे. ते नाव म्हणजे वैरण.

रब्बी ज्वारी निघाली की कणसे खुडून ताटे शेतातच वाळू देतात. वाळलेल्या कडब्याच्या पेंढ्या बांधून त्या गाडीने घराजवळ आणतात आणि त्यांची गंजी रचतात. गंजी रचणे हे कोणालाही साधणारे काम नव्हे. खाली दगड किंवा लाकडे टाकून तळ जमिनीपासून उचलावा लागतो. नाहीतर ओल आणि वाळवी दोन्ही खालून वर चढतात. पेंढ्या दाबून, फट न राहील अशा बेताने लावाव्या लागतात. माथा घराच्या पाख्यासारखा उतरता ठेवून शाकारावा लागतो, म्हणजे पावसाचे पाणी आत न मुरता वरच्यावर वाहून जाते. कडबा भिजून त्यावर बुरशी आली की तो वायाच गेला. तसा चारा उपाशी जनावरापुढेही टाकू नये, कारण बुरशीतून विष तयार होऊ शकते. म्हणून गंजी रचणाऱ्या हाताला गावात मान असे आणि त्याला जेवू घालताना घरधनीण भाकरीवर तूप वाढताना हात आखडत नसे.

या रचण्यामागे हिशेब असे. साधारण चारशे किलो वजनाच्या जनावराला दिवसाकाठी दहा किलोच्या आसपास कोरडी वैरण लागते. दोन बैल आणि एक गाय धरली तर रोजची तीस किलो झाली. फाल्गुनापासून नवा हिरवा चारा हाती येईपर्यंत चार महिने धरले तर छत्तीसशे किलो. हा हिशेब कागदावर कोणी मांडत नसे. जुना माणूस गंजीकडे नुसता पाहून सांगे, “ही आषाढ गाठेल.” पण खरा जाणता आषाढावर थांबत नसे. पाऊस लांबला तर काय, पेर उलटली तर काय, या दोन प्रश्नांसाठी तो आणखी काही शेकडा पेंढ्या राखून ठेवी आणि भाव कितीही चढला तरी त्या विकत नसे. गरजेपुरता साठा ही व्यवहाराची गोष्ट झाली. बेगमी सुरू होते ती त्या राखून ठेवलेल्या पेंढ्यांपासून.

ही रीत एकट्या महाराष्ट्राची नाही. पंजाबात गव्हाच्या भुशाचे घुमटाकार ढीग रचून ते पेंढ्याने शाकारतात. त्यांना तेथे ‘कूप’ म्हणतात. बंगाल आणि ओडिशात भाताच्या पेंढ्याच्या गोल गंज्या अंगणात दिसतात. अलीकडे मका हिरवा असतानाच कुट्टी करून, दाबून, हवा लागू न देता मुरवण्याची पद्धतही बरीच पसरली आहे. या मुरघासाला थोडा आंबूस वास येतो. पण जनावरे तो आवडीने खातात आणि पिशवी फुटली नाही तर तो महिनोन्‌महिने टिकतो.

साठा संपणे म्हणजे काय असते, हे १९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्राला दाखवले. वैरण संपली, तशी दावणीची जनावरे मिळेल त्या किमतीला बाजारात गेली. ज्याचा बैल गेला त्याचा पुढचा हंगामही गेला, कारण पाऊस पडल्यावर पेरायला औताला जुंपणार काय? पुढच्या दुष्काळांत, २०१२-१३मध्ये आणि पुन्हा २०१८-१९मध्ये, चारा छावण्या उभ्या राहिल्या. बीड, धाराशिव, सोलापूर या भागांत घरातले कोणीतरी एक माणूस जनावरांबरोबर छावणीत मुक्कामाला जाई. तेथेच चूल मांडली जाई आणि तेथेच रात्र काढली जाई. जनावर जगवायचे तर माणसाने घर सोडायचे, असा तो उलटा न्याय होता. त्याविषयी फार तक्रार ऐकू आली नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

शेती सुटून माणसे शहरात आली, तसा गोठा मागे राहिला. प्राणी मात्र घरातून गेला नाही. दोन खोल्यांच्या घरात कुत्रे आले, खिडकीत मांजर बसू लागले. त्यांच्यासाठी लोक पैसा खर्च करतात, त्यांचे वाढदिवसही साजरे करतात. पण गंजीकडे पाहून महिने मोजणारी नजर त्यांच्या वाट्याला क्वचितच आली. खाण्याची पिशवी तळाला गेली की दुसरी आणायची, एवढाच हिशेब. जुन्या घरी पीठ मळताना माणसे मोजून झाल्यावर एका भाकरीचे पीठ अधिक घेतले जाई. ती भाकरी कोणाची, हे कोणी कोणाला सांगत नसे. दाराशी बसलेल्याला ते ठाऊक असे. आता भाकरीची जागा दुकानातल्या पिशवीने घेतली. त्यात वावगे काही नाही. फक्त पीठ घरात असे आणि दुकान घराबाहेर असते, एवढा फरक पडला.

हा फरक किती मोठा आहे, ते २०२०च्या मार्चमध्ये कळले. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. पहिले दोन दिवस माणसे दूध, पीठ आणि डाळ यांच्या मागे होती. प्राण्याच्या पिशवीची आठवण झाली ती त्यानंतर. वास्तविक सरकारी आदेशात पशुखाद्याच्या दुकानांना सूट होती. परंतु आदेशात उघडे असलेले दुकान रस्त्यावर उघडे असतेच असे नाही. कोठे नोकर येऊ शकले नाहीत, कोठे माल वाटेत अडकला. घरपोच माल देणाऱ्यांच्या गाड्याही थांबल्या. ज्यांनी आठवड्यापुरते आणून ठेवले होते त्यांना श्वास घेता आला. इतरांनी भात शिजवला, दूध-पोळी कुस्करली, आणि वर्षानुवर्षे एकाच प्रकारचे खाणे खाल्लेल्या पोटांनी ते नाकारले. त्यातच, प्राण्यांमुळे रोग पसरतो अशी निराधार अफवा उठली आणि काही ठिकाणी पाळीव कुत्री चक्क रस्त्यावर सोडण्यात आली. खाणावळी बंद पडल्याने रस्त्यावरच्या कुत्र्यांचेच हाल होत होते. त्यांत ही नवी भर पडली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाला भटक्या प्राण्यांना खाऊ घालू देण्याविषयी राज्यांना लिहावे लागले. अन्नाची बेगमी नसलेल्या घरातून प्राणी सुटला तर निदान कारण समजते. भरल्या घरातून केवळ भीतीपोटी त्याला हाकलणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे.

तेव्हा कुत्र्या-मांजरांच्या घरात किती आणि काय ठेवावे? निदान दोन आठवड्यांचे, असे धरून चालावे. खाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवताना मूळ पिशवीतून काढू नये. पिशवीसकट डब्यात ठेवावे. कोरड्या दाण्यांवर चरबीचा थर असतो. तो हवा लागून खवट होतो. शिवाय पिशवीवरची मुदत डोळ्यांसमोर राहते. साठा म्हणून वेगळी पिशवी आणून ती माळ्यावर विसरून जाणे, ही साठ्याची सर्वांत वाईट रीत होय. नवी पिशवी आली की ती मागे ठेवावी आणि जुनी पुढे घ्यावी. घरातल्या जुन्या बायका तांदळाच्या बाबतीत हेच करीत आल्या आहेत. त्यांना हे वेगळे शिकवावे लागणार नाही. घरचे शिजवलेले अन्न खाणाऱ्या कुत्र्यासाठी तांदूळ आणि डाळ मोजतानाच त्याचा वाटा धरावा. मात्र घाईच्या दिवसांत भांड्यात उरलेले काहीही त्याच्यापुढे टाकू नये. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला अपाय करतात.

मांजराचे शास्त्र थोडे निराळे आहे. ते मुळात मांसाहारी आहे. वरण-भातावर ते फार काळ निभावू शकत नाही. कुत्रे एखादा दिवस उपाशी राहिले तर सहसा बिघडत नाही, पण मांजराने काही दिवस काहीच खाल्ले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते गंभीर आजारी पडू शकते. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक. म्हणून ‘भूक लागली की खाईल’ ही म्हातारी समजूत मांजराबाबत धोक्याची आहे. त्याच्या परिचयाचेच खाणे साठ्यात हवे. आणखी एक गोष्ट दारावर लिहून ठेवण्यासारखी आहे. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजरासाठी प्राणघातक ठरते. आणीबाणीत डॉक्टर सापडत नाही, घरातले औषधाचे डबे उघडले जातात आणि भल्या हेतूने घात होतो.

पाण्याचा विचार बहुतेकांच्या मनात येत नाही, कारण नळ रोज येतो. वीस किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला एक ते सव्वा लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात त्याहून अधिक. पुरात तर पाण्याची विटंबनाच असते. चहूकडे पाणीच पाणी आणि पिण्यासाठी थेंब नाही. पुराचे पाणी प्राण्याने पिऊ नये असे पाहावे. त्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मिसळलेले असतात आणि तो रोग कुत्र्याला होतो तसा माणसालाही होतो. कुत्र्यासाठी त्यावर लस आहे. रेबीजची लस तर हवीच, आणि तिच्या नोंदीचा कागदही हवा. निवाऱ्यात दाटीने राहणाऱ्या अनोळखी माणसांना तो कागद दाखवता आला, तर अर्धे भांडण मिटते. नेमाची औषधे चालू असतील तर ती पंधरा दिवसांची जास्त असावीत. अपस्माराच्या कुत्र्याची गोळी अचानक बंद पडली तर झटके उलटून येतात.

परंतु डबे भरले म्हणजे तयारी झाली, असे नव्हे. टाळेबंदीत माणूस घरात अडकतो. पुरात त्याला घर सोडावे लागते. तेथे माळ्यावरचा साठा कामाचा नसतो, दाराजवळची पिशवी कामाची असते. तीन-चार दिवसांचे खाणे, एक वाडगा, पाण्याची बाटली, लसीचा कागद, प्राण्याचे घरच्या माणसाबरोबरचे एक छायाचित्र, पट्टा आणि दोरी एवढे तिच्यात मावते. छायाचित्र हरवलेला प्राणी ओळखण्यासाठी जितके लागते, तितकेच तो आपला आहे हे सिद्ध करण्यासाठीही लागते. मांजरासाठी झाकणाची टोपली हवी. ही टोपली संकटाच्या दिवशी प्रथमच बाहेर काढली तर मांजर पलंगाखालून निघणार नाही, हे मांजर पाळणारा प्रत्येकजण जाणतो. ती आधीपासून घरात उघडी पडलेली असावी, तिच्यात जुने कापड असावे आणि मांजराने दुपारची झोप तिच्यातच काढावी.

घर सोडण्याचा हा प्रश्न खरा कठीण आहे. कृष्णाकाठी २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी मोठे पूर आले. अशा वेळी नाव दाराशी लागते तेव्हा जे बोलणे होते, ते साधारणपणे असे असते.

“आजी, चला. पाणी वाढतंय.”

“अन् म्हशीचं काय?”

“आधी माणसं. जनावरांचं मागनं बघू.”

“मागनं कोण येतंय बाबा? तुम्ही जावा. मी हितंच बसते.”

नावेतल्या तरुणांना हा हट्ट वाटतो. नाव भरलेली असते, अंधार पडत असतो, पुढच्या गल्लीत आणखी माणसे वाट पाहत असतात. त्यांचा जीव टांगणीला लागणे स्वाभाविक आहे. पण आजींच्या बाजूने पाहिले तर त्या अविचारी नाहीत. ज्या म्हशीच्या दुधावर घर चालले, तिला खुंट्याला बांधलेली ठेवून जाणे त्यांना जमत नाही. केरळमध्ये २०१८च्या पुरात एका स्त्रीने आपल्या कुत्र्यांना सोडून बाहेर पडण्यास नकार दिला. अखेर प्राण्यांसह तिची सुटका करावी लागली. अमेरिकेत ऑगस्ट २००५मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले, तेव्हाही हेच घडले. निवाऱ्यांत आणि बसगाड्यांत प्राण्यांना प्रवेश नव्हता. कित्येकांनी बाहेर पडण्याचे नाकारले. एका लहान मुलाकडून त्याचे पांढरे कुत्रे काढून घेतल्याची आणि तो ‘स्नोबॉल, स्नोबॉल’ असे त्याचे नाव घेऊन रडत राहिल्याची बातमी त्या देशभर वाचली गेली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २००६मध्ये, तेथे कायदा झाला. राज्यांनी आणि शहरांनी आपल्या आपत्कालीन योजनांत घरच्या प्राण्यांचा विचार केलाच पाहिजे, असे त्याने ठरवले. कुत्र्यावरच्या प्रेमापोटी तो झाला असे मानण्याचे कारण नाही. प्राणी मागे राहिले की माणसेही मागे राहतात आणि बुडतात, हा त्यामागचा रोकडा अनुभव होता.

आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५मध्येच झाला. आपत्तीत दगावलेल्या दुभत्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी, शेळ्या-मेंढ्यांसाठी, कोंबड्यांसाठीही मदतीचे निकष आहेत. त्यांत कुत्र्या-मांजरांचा रकाना नाही. ज्याचे मोल पैशात करता येते त्याची भरपाई होते, हे सरकारी नियमांच्या दृष्टीने सुसंगतच आहे. मात्र भरपाई ही मृत्यूनंतरची गोष्ट. गावाच्या पूर-आराखड्यात जनावरांसाठी उंचावरची जागा कोणती, तेथे वैरण कोणाच्या गंजीतून जाईल, पाण्याची पातळी कोठवर आली की जनावरे हलवायची, हे पावसाळ्यापूर्वी ठरले असेल, तर आजींशी बोलताना तरुणांजवळ उत्तर असेल. जनावरे माणसांच्या आदल्या दिवशी हलवावी लागतात. नावेत म्हैस चढत नाही. आणि जेथे काहीच शक्य नसेल तेथे निदान दावे तरी सोडावे. गाय, म्हैस, कुत्रे यांना पोहता येते. पुरात मरणाऱ्या कित्येक जनावरांना पाण्यापेक्षा गळ्यातली दोरी मारते.

बेगमी ही ऐपतीची गोष्ट आहे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो खोटा नाही. ज्या घरात माणसांचेच पीठ दिवसाच्या मजुरीवर येते, तेथे पंधरा दिवसांचा साठा हा शब्दच चेष्टेचा वाटावा. तरीही शेळीला गरिबाची गाय म्हणतात, आणि ती पाळणारी मजूर बाई साठा करते. उन्हाळ्यात रानातून परतताना ती वाटेवरच्या बाभळीखाली वाकते. खाली पडलेल्या वाळक्या शेंगा ओच्यात गोळा करते. रोज दोन-चार मुठी. शेळ्या या शेंगा मोठ्या आवडीने खातात आणि त्यांना पैसा लागत नाही. वैशाख सरेपर्यंत एक पोते भरते. भिंतीला टेकवून ठेवण्याऐवजी ती ते छपराच्या आढ्याला टांगते. उंदीर हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, ओढ्याचे पाणी घरात शिरलेच, तर घरातल्या सगळ्या वस्तूंत ते पोते शेवटी भिजावे.